तीन लाल गोल

गेल्या रविवारी शेजारची मुलगी एक कागद घेऊन आली. बदलीसाठी तिने इंग्रजीत अर्ज लिहिला होता. कार्यालयातल्या वरिष्ठांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, लाल पेनाने तीन गोल काढले आणि ‘पदवी घेऊन हे इंग्रजी?’ म्हणत परत केला. त्या कागदाची घडी तिने इतक्या वेळा उघडली-मिटली होती, की मधली ओळ पुसट झाली होती. “काका, यात नेमकं काय चुकलंय तेवढं सांगा,” ती म्हणाली.

पहिला गोल ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ या वाक्याला होता. दुसरा ‘प्रीपोन्ड’ या शब्दाला. तिसरा ‘लेस दॅन टेन कम्प्लेंट्स’मधल्या ‘लेस’ला. तिन्ही गोल सारखेच जाड, सारखेच रागीट. मला खटकलं ते हे, कारण त्या तीन गोष्टींची जातच वेगळी आहे.

आपल्याला शुद्ध-अशुद्धाचा निकाल लावायची एक सवय आहे, आणि ती मराठीतून आलेली आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक चौदा नियमांना शासनाने मान्यता दिली, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. ऱ्हस्व-दीर्घावरून वाद झाला की नियम दाखवायचा, वाद मिटला. इंग्रजीला असं महामंडळ नाही. जोनाथन स्विफ्टने १७१२ साली अशा संस्थेची मागणी केली होती, पण ती कधी उभीच राहिली नाही. म्हणून इंग्रजीत ‘नियम आहे’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, हा नियम कोणी केला आणि चांगले लिहिणारे तो पाळतात का?

‘लेस’चंच बघा. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’ असं आपण शाळेत शिकलो. हा भेद पहिल्यांदा मांडणारा म्हणून रॉबर्ट बेकर या इंग्रज गृहस्थाचं नाव घेतात. १७७० सालच्या पुस्तकात त्याने तो मांडला, आणि तोही स्वतःची पसंती म्हणून. त्याआधी कित्येक शतकं, अगदी नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या लेखनापासून, मोजता येणाऱ्या गोष्टींनाही ‘लेस’ लागत आलं आहे. पुढच्या व्याकरणकारांनी एका माणसाच्या आवडीचा कायदा केला. तो कायदा आज इतका रुजला आहे, की ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांनी २००८ साली झटपट बिलाच्या काउंटरवरची ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही पाटी बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ करायचं ठरवलं. वादच नको, म्हणून तिसरा शब्द शोधला. मला ही तोड फार शहाणपणाची वाटते. औपचारिक पत्रात ‘फ्यूअर’ लिहावं, असंच मीही सांगेन, कारण वाचणाऱ्याला ते अपेक्षित असतं. पण ‘लेस’ लिहिणाऱ्याला अडाणी ठरवायचा अधिकार कोणालाही नाही.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, या हट्टाचंही असंच. कवी ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला आणि नंतर स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्यंही बदलून टाकली. १९२६ साली फाउलरने आपल्या प्रसिद्ध कोशात या समजुतीचा चांगला समाचार घेतला. आपल्याकडे मात्र ती अजून ठाण मांडून आहे.

‘प्रीपोन’ हा आपला शब्द आहे. ‘पोस्टपोन’च्या उलट शब्द हवा होता, तो आपण रोजच्या कामातून रुळवला, आणि ऑक्सफर्डच्या कोशात त्याला जागा आहे. पुण्यातून नाशिकच्या कचेरीत जाणाऱ्या पत्रात तो खुशाल राहू द्या. लंडनला लिहायचं असेल तर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहा, कारण तिथला माणूस अडखळेल.

उरला पहिला गोल. तो बरोबर होता. ‘सिन्स थ्री इयर्स’ला एकही चांगला कोश आधार देत नाही. पण ही चूक येते कुठून? मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन वर्षांपासून’ही म्हणतो. एकच ‘-पासून’ दोन्ही कामं करतं. इंग्रजीत काम सुरू झालं तो क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ चाललं ते सांगायचं तर ‘फॉर’. शिवाय आपलं ‘काम करते आहे’ तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ होतं, कारण मागे सुरू झालेली गोष्ट आजपर्यंत आली आहे. कागदाच्या मागे मी एक आडवी रेघ काढली, डाव्या टोकाला ती नोकरीला लागली ते साल लिहिलं, उजव्या टोकाला ‘आज’. टोकावर बोट ठेवून ‘सिन्स’, संपूर्ण रेघेवरून बोट फिरवून ‘फॉर’. तिला समजायला मिनिटही लागलं नाही.

वरिष्ठांना हे मिनिट देता आलं असतं. दुसऱ्याचं इंग्रजी दुरुस्त करणाऱ्याने कारण सांगितलंच पाहिजे, आणि ते एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो. कारण सांगता येत नसेल तर पेन खाली ठेवून आधी कोश उघडावा, आणि एकावर न थांबता दोन उघडावेत. त्यातला अर्थ तर वाचावाच, पण दिलेली उदाहरणं आणि ‘भारतीय इंग्रजी’, ‘औपचारिक’ अशा खुणाही बघाव्यात. निम्मे वाद तिथेच संपतात.

तिने माझ्यासमोरच अर्ज पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य सुधारलं. ‘प्रीपोन्ड’ तसाच ठेवला, पत्र वरच्या मजल्यावरच जायचं होतं. ‘लेस’पाशी थोडी थांबली, मग म्हणाली, “इथे ‘फ्यूअर’ करते काका, बदली हवी आहे.” आणि रेघ काढलेला तो जुना कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.