छप्पर आमचं, पाटी तुमची नको

दोस्तांनो, मी गोदीतला हमाल. दिवसभर दुसऱ्याचा माल वाहतो, रात्री कविता लिहितो आणि भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत झोपतो. घरावर बोलायला मला आणखी कसला दाखला लागत नाय.

आम्ही चाळीस जणांनी गृहनिर्माण संस्था काढायचं ठरवलंय. सवाल पैशाचा. चळवळीतले काही दोस्त म्हणतात, शेटजींच्या ट्रस्टचा पैसा शिवायचा नाही. अरे, विटाळ मानायचा धंदा आपण कधीपासून सुरू केला? त्या तिजोरीत गिरणीतल्या, गोदीतल्या माणसाचाच घाम आहे, आणि वर त्यावर करसवलत. कंपन्यांचं तर दानही नव्हे. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. झोपडपट्टी विकास त्या यादीत आहे. कायद्यानं द्यायचं ते दान कसलं? दार ठोठवा. बिनधास्त ठोठवा.

दुसरे दोस्त उलट टोकाचे. चेक दिसला की हार घेऊन धावतात. त्यांनी बडोदा आठवावं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले. त्याच बडोद्यात 1917 साली नोकरीला आले, तर शहरात खोली मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. महाराजाचा पैसा होता, पण छप्पर नव्हतं. कारण छपराची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती. माझं म्हणणं एवढंच: पैसा कुणाचाही घ्या, किल्ली कुणाला देऊ नका.

एका प्रतिष्ठानात आम्ही अर्ज घेऊन गेलो. साहेबानं विचारलं, "लाभार्थी किती?" आम्ही म्हटलं, "एकही नाही. सभासद चाळीस." त्याला फरक कळेना. मग म्हणाला, दारावर आमच्या नावाची पाटी लागेल, कमिटीत आमचे दोघं बसतील. आम्ही कागद उचलला आणि खाली उतरलो.

'सहकार' या शब्दालाही भाळू नका. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व एकाच धर्मापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. सहकाराच्या नावानं गावकूस बांधता येतं ते असं. आपली संस्था तशी नको. दार सगळ्या कष्टकऱ्यांना उघडं, भागपत्रावर बाईचं नाव पुरुषाच्या बरोबरीनं.

उरुग्वेतल्या कामगारांनी करून दाखवलंय. तिथं 1968 च्या कायद्यानं परस्पर श्रमाच्या सहकारी संस्थांना मान्यता मिळाली, 1970 ला त्यांचा महासंघ उभा राहिला. सरकारचं कर्ज, आणि प्रत्येक कुटुंबाचे आठवड्याला 21 तास श्रम. घर संस्थेच्या मालकीचं, राहण्याचा हक्क कुटुंबाचा. बिल्डरला मधे जागाच नाय.

तेव्हा अर्जात स्वच्छ लिहा. नोंदणी, नकाशे, आर्किटेक्टची फी, मातीची तपासणी, हा कर्ज मिळण्याआधीचा खर्च तुम्ही उचला. पैसा संस्थेच्या खात्यात येईल, हिशेब सर्वसाधारण सभेत वाचला जाईल, तुम्हालाही दाखवू. पाटी नाही, फोटो नाही, कमिटीत खुर्ची नाही. जमत असेल तर बोला.

आणि जमीन? ती कुठलाही ट्रस्ट देणार नाही. या मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराची शेकडो हेक्टर सार्वजनिक जमीन पडलीय. तिथं बोजे वाहून आमच्या बापांच्या पाठी वाकल्या. ती जमीन मागायला अर्ज पुरत नसतो, मोर्चा लागतो. देणगीच्या चेकनं मोर्चा गार पडत असेल, तर तो चेक तिथंच फाडा.

घर मागताना मान खाली घालायची नाही. ओझं वाहताना घालतो तेवढी पुरे.