विरोध आणि विरोधाचा आभास

दोन विधाने परस्परांशी जुळेनाशी झाली, तरी इंग्रजी लेखक सहसा 'हे खोटे आहे' असे लिहीत नाही. 'यांचा मेळ घालणे काहीसे कठीण दिसते', 'येथे सकृद्दर्शनी विसंगती आढळते', अशी सावध वाक्ये तो योजतो. आपल्याकडील कार्यालयीन इंग्रजीनेही हा वारसा निष्ठेने जपला आहे. या पद्धतीला सरसकट दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. मात्र तिचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार प्रामाणिक संशयाचा. न्यूटनचा जन्म एका ग्रंथात २५ डिसेंबर १६४२ चा, तर दुसऱ्यात ४ जानेवारी १६४३ चा दिलेला असतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत. इंग्लंडने नवी ग्रेगरी कालगणना १७५२ साली स्वीकारली. पहिली तारीख जुन्या गणनेची, दुसरी नव्या. अशा ठिकाणी 'सकृद्दर्शनी' हा शब्द विनयाचा आणि विवेकाचाही होय.

दुसरा प्रकार निराळा. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत १९०४ पासून कराराने चिनी मजूर आणले जात होते. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाच्या प्रचारात या प्रथेला 'गुलामगिरी' म्हटले गेले. पक्ष विजयी झाला, आणि वसाहत खात्याचे तरुण उपमंत्री चर्चिल यांना त्याच वर्षी २२ फेब्रुवारीस पार्लमेंटात उत्तर द्यावे लागले. शब्दाच्या टोकाच्या अर्थाने याला गुलामगिरी म्हटल्यास 'पारिभाषिक अयथार्थते'चा काही धोका संभवतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आरोप मागे घेतला नाही आणि कायमही ठेवला नाही! सभागृहात सभासदाला खोटारडा म्हणण्यास मनाई असल्याने हा शब्दप्रयोग पुढे 'असत्य' याचाच सभ्य पर्याय होऊन बसला.

१९८६ साली सिडनीच्या न्यायालयात 'स्पायकॅचर' या पुस्तकाचा खटला चालला. ब्रिटनचे कॅबिनेट सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी पूर्वी एका प्रकाशकाकडे दुसऱ्या एका पुस्तकाची प्रत पत्राने मागितली होती. वस्तुतः त्याचा मजकूर सरकारच्या हाती आधीच आला होता. उलटतपासणीत त्यांनी पत्रातून चुकीचा समज होतो हे मान्य केले, पण ते असत्य आहे हे मानले नाही. ही सत्याच्या बाबतीत 'काटकसर' होती, असे ते म्हणाले. पैशाची काटकसर हा गुण. सत्याची केली की त्याचे काय होते, हे वाचकांनीच ठरवावे.

इंग्रजांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला फारसा नाही. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताच धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ भूमीला टेकला, ही कथा आपलीच. आपल्या साहित्यशास्त्रात विरोधाभास हा अलंकार आहे. विरोध वरवर भासतो, अर्थ उलगडला की मावळतो, म्हणूनच तो 'आभास'. आज मात्र उघड विसंगतीलाही सर्रास 'विरोधाभास' म्हटले जाते. जो विरोध खरोखरच आहे, त्याला आभास म्हटल्याने कोणाची सोय होते?

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. निवृत्तिवेतन अडलेल्या वृद्धाला 'आपल्या कागदपत्रांत काही विसंगती असल्याचे दिसून येते' असे उत्तर आले, तर त्याने दुरुस्ती करावी कशाची? कोणत्या दोन कागदांवर कोणत्या दोन तारखा आहेत, एवढे सांगितले तर त्याचे हेलपाटे वाचतील.

आपली मुले इंग्रजीतून शिकतात, उद्या त्याच भाषेत टिपणे नि पत्रे लिहितील. त्यांना एवढेच सांगावे: संशय खरा असेल तर 'दिसते' जरूर लिहा, आणि तो कशामुळे आहे तेही लिहा. विरोध ठाऊक असेल तर दोन्ही विधाने शेजारी मांडून 'ही जुळत नाहीत' असे लिहा. सौजन्य त्याने तिळभरही उणे होत नाही.