व्यापारचिन्ह : परमुलखातील आपले नाव

अमक्याच्या दुकानचे तूप, तमक्याच्या मागावरचे लुगडे एवढे म्हटले की आपल्या वाडवडिलांच्या काळी गिऱ्हाईक दुसरा प्रश्न विचारीत नसे. नावाची ही पुण्याई पंचक्रोशीपुरती होती, आणि सारे एकमेकांस ओळखत असल्याने ती परस्पर बळकावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आता घरबसल्या इंटरनेटवरून माल समुद्रापार जातो. मालाबरोबर नावही जाते; परंतु त्या नावाचे संरक्षण आपोआप त्याच्या मागून जात नाही. ही गोष्ट वाचकांच्या ध्यानी यावी, म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

रामपायलीचेच उदाहरण घ्या. चंदन नदीकाठचे हे गाव श्रीराममंदिरासाठी प्रसिद्ध आहे. भोवतालचा मुलूख बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा आणि वारासिवनीच्या हातमागाचा. समजा, येथील एखाद्या कुटुंबाने तांदळाच्या पिशवीला आणि साडीच्या घडीला स्वतःचे असे एक नाव दिले आणि परदेशस्थ मराठी घरांतून मागणी येऊ लागली. दोन वर्षांनी तिकडच्या एखाद्या व्यापाऱ्याने तेच नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतले, तर? आपलाच माल आपल्याच नावाने तेथे विकणे हा त्याचा हक्कभंग ठरू शकतो. त्याच्या तक्रारीवरून विक्रीच्या संकेतस्थळावरचा आपला माल उतरविला जाईल आणि कष्टाने जोडलेले गिऱ्हाईक त्याच्या दारी जाईल.

याचे कारण असे की व्यापारचिन्हाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, हक्क ज्या त्या देशापुरता असतो. यातून मोठमोठ्यांचीही सुटका नाही. टोयोटा कंपनीने ‘प्रियस’ ही मोटार १९९७ साली जपानात आणली. भारतात मात्र मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीने ते नाव आधीच वापरात आणून नोंदविले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्या नावापुरता निकाल टोयोटाच्या विरुद्ध लागला. जगात कीर्ती असली तरी त्या काळी भारतीय बाजारात ते नाव रुजलेले होते, हे तिला सिद्ध करता आले नाही. जगद्विख्यात कंपनीची ही कथा, तर आपल्या घरगुती उद्योगाची काय मिजास!

आता आपल्या घरचे उदाहरण पाहू. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे असून दोन्हीकडचे मिळून आठ जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. परंतु मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. कारण दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला. तात्पर्य असे की कळवळा कितीही असो, कायदा नोंदवहीत कोणाचे नाव आहे तेच पाहतो.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. ‘बालाघाट चिन्नोर’ला २०२१ साली आणि वारासिवनीच्या हातमाग साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही नावे साऱ्या मुलखाची सामाईक मिरास आहेत; ती एकट्याच्या नावे व्यापारचिन्ह म्हणून मिळत नाहीत. पात्र उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून ती वापरावीत. स्वतःचे चिन्ह मात्र वेगळे आणि शक्यतो नवे घडवावे. ‘उत्तम तांदूळ’ असे केवळ वर्णन करणारे नाव सहसा नोंदले जात नाही.

नाव ठरले की आधी आपल्या देशाच्या आणि जेथे विक्री करावयाची त्या देशाच्या नोंदवह्यांत शोध घ्यावा. त्या इंटरनेटवर पाहता येतात. नंतर भारतात अर्ज करावा. मध्य प्रदेशासाठी मुंबईचे कार्यालय असून अर्ज घरूनही भरता येतो. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला इंटरनेटवरून अर्ज केल्यास एका वर्गाचे शुल्क ४,५०० रुपये आहे. तांदूळ ३० व्या वर्गात येतो, तर साडी २५ व्या. अर्ज राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती पुनःपुन्हा वाढविता येते. नोंदणी हाती येईपर्यंत ‘टीएम’ हीच अक्षरे लावावीत. वर्तुळातील ‘आर’ नोंदणीपूर्वी वापरणे हा गुन्हा आहे.

परदेशासाठी दोन वाटा आहेत. एक, त्या देशात थेट अर्ज करणे. दुसरी माद्रिद प्रोटोकॉलची. भारत त्यात ८ जुलै २०१३ पासून सामील आहे. भारतातील अर्जाच्या वा नोंदणीच्या आधारावर आपल्याच कार्यालयामार्फत एकच अर्ज करून अनेक देश निवडता येतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती त्यात आहेत. मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, चिन्ह रंगीत असल्यास ९०३. शिवाय प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे. खर्च थोडा नव्हे. म्हणून जेथे खरोखर गिऱ्हाईक आहे तेवढेच देश निवडावेत. नोंदणी द्यावी की नाही हे मात्र ज्या त्या देशाचे कार्यालय ठरविते. आणखी एक मेख आहे : पहिल्या पाच वर्षांत भारतातील मूळ नोंदणी रद्द झाली, तर तिच्यावर उभी असलेली परदेशची इमारतही कोसळते.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला, तर भारतातीलच तारीख तेथे धरली जावी, असा हक्क सांगता येतो. चीनसारख्या देशात आधी अर्ज करणाऱ्याचे पारडे जड असते. अमेरिकेत आधीच्या वापराला मान आहे, पण तो पुराव्यानिशी दाखवावा लागतो. तेव्हा पहिल्या पार्सलापासूनच्या पावत्या, तारखांसह वेष्टनांचे नमुने आणि गिऱ्हाइकांची पत्रे जपून ठेवावीत.

आपल्या घरांतून शेताचा सातबारा वा खसरा ट्रंकेत जपून ठेवण्याची चाल आहे. ज्या नावावर लेकीसुनांचे श्रम आणि घराची पत उभी आहे, त्या नावाचा कागदही त्याच ट्रंकेत असावा. आणि पहिले पार्सल सीमेपार जाण्यापूर्वीच असावा.