संगणकीय शब्दसूची आणि अक्षराचे एकक

संतसाहित्याच्या अभ्यासात संगणकावर सिद्ध केलेल्या शब्दसूचींना आता परिशिष्टात स्थान मिळू लागले आहे. सूची कोणत्या मुद्रित संहितेवरून केली, हे अभ्यासक कटाक्षाने नोंदवितात. परंतु ती कोणत्या संगणकभाषेच्या कोणत्या आवृत्तीने केली, हे सांगण्याची गरज त्यांना बहुधा वाटत नाही. ही बाब केवळ तांत्रिक आहे, असा समज त्यामागे असावा. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही.

‘मराठी’ हा शब्दच घेऊ. वाचकाच्या दृष्टीने त्यात ३ अक्षरे आहेत. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत, हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने साठवून साधेपणी मोजला असता त्याची लांबी १५ येई. कारण त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते आणि तेथे मोजणी होई ती बाइटांची. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट यांची फारकत केली. तिचे उत्तर ५ असे येते: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. तिच्या आधारे केलेल्या सूची मात्र आपल्या ग्रंथालयांतून थांबत नाहीत.

नव्या आवृत्तीने सारे सुरळीत झाले, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. शब्द वेगळे काढण्यासाठी तिच्यातील नेहमीचा शोधनमुना वापरला, तर तो काना-वेलांटीस शब्दाचा घटकच मानीत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. (‘मर’ हे मराठीत आज्ञार्थी रूप असल्याने सूचीत ते खपूनही जाते!) ‘वाऱ्या’तील ऱ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना भेद दिसत नाही, सूचीत मात्र एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात. मोजणीपूर्वी अशा लेखनाचे एकरूपीकरण करावे लागते आणि ते पाठनिश्चितीइतकेच अभ्यासकाच्या जबाबदारीचे आहे.

थोरल्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे असतात. ते तपासण्यास बाइट उपयोगी नाहीत आणि संकेतांकही नाहीत. जोडाक्षर एक धरावे, काना वेगळा मोजू नये, हा नियम आज्ञावलीत अभ्यासकानेच घालावयाचा असतो. तो नियम, भाषेची आवृत्ती आणि एकरूपीकरणाची रीत यांची नोंद नसलेले परिशिष्ट परीक्षकांनी परत पाठवावे.