वायमारचा दुहेरी वारसा

साहित्य आणि कला यांच्या सहवासाने समाज सुसंस्कृत होतो, हे विधान इतक्या वेळा केले जाते की, त्याचा पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. परंतु जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातील वायमार या लहानशा नगराचा इतिहास पाहिला, तर या विधानाचा पुनर्विचार करणे भाग पडते.

अठराव्या शतकात डचेस आन्ना अमालिया हिच्या आश्रयाने या नगरात विद्वानांची मांदियाळी जमली. वीलांट १७७२ मध्ये आला, गटे १७७५ मध्ये आला आणि त्यापाठोपाठ हेर्डर. पुढे १७९९ मध्ये शिलरही येथे स्थायिक झाला. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद वाचून भारावलेला गटे तो हाच. अर्धशतकाहून अधिक काळ तो वायमारमध्ये राहिला आणि १८३२ मध्ये तेथेच निवर्तला. १९१९ साली जर्मन प्रजासत्ताकाची घटना याच नगरात संमत झाली आणि आधुनिक वास्तुकलेला वळण देणारी ‘बाउहाउस’ ही संस्थाही त्याच वर्षी येथे स्थापन झाली. एका गावाने याहून अधिक काय मिरवावे?

आणि तरीही १९३७ मध्ये, या नगरापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर, एटर्सबेर्गच्या टेकडीवर नाझी राजवटीने छळछावणी उभारली. तिला टेकडीचेच नाव द्यावयाचे ठरले, तेव्हा वायमारमधील नाझी सांस्कृतिक संस्थेने हरकत घेतली. ही हरकत छावणीला नव्हती, नावाला होती! एटर्सबेर्ग हे नाव गटेच्या स्मृतीशी निगडित असल्याने ते विटाळू नये, एवढेच त्या संस्कृतिरक्षकांचे म्हणणे होते. त्यांचा मान राखून छावणीचे नाव ‘बुखेनवाल्ड’ ठेवण्यात आले. १९४५ पर्यंत तेथे सुमारे छप्पन्न हजार माणसे प्राणास मुकली. छावणीत स्वतंत्र भट्टी बांधली जाईपर्यंत मृतांचे दहन वायमारच्या नगरपालिकेच्या दाहगृहातच होत असे. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सेनेने सुमारे हजार नागरिकांना छावणी पाहावयास नेले, तेव्हा ‘आम्हांला काहीच ठाऊक नव्हते’ असे अनेकांनी सांगितले. ते कितपत खरे मानावयाचे, हे निराळे सांगावयास नको.

महायुद्धाच्या काळात बाँबहल्ल्यांचे भय निर्माण झाले, तेव्हा शिलरच्या घरातील मूळ लाकडी सामान सुरक्षित ठिकाणी हलवून त्याच्या जागी हुबेहूब नकला ठेवण्याचे ठरले. या नकला बुखेनवाल्डच्या कैद्यांकडून करून घेण्यात आल्या. स्वातंत्र्याचे गुणगान करणाऱ्या कवीचे मेज जपण्यासाठी गुलामांचे हात राबविण्यात आले! वारसा म्हणजे केवळ वस्तू, असे एकदा मानले की माणसाची विटंबना आणि वस्तूची जपणूक या दोन्ही गोष्टी किती सुखाने एकत्र नांदू शकतात, याचे याहून भेदक उदाहरण सापडणे कठीण.

म्हणून साहित्य निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. २ सप्टेंबर २००४ रोजी आन्ना अमालिया ग्रंथालयास आग लागली, त्या रात्री सामान्य नागरिकांनी हातांची साखळी करून हजारो ग्रंथ बाहेर काढले. तरीही सुमारे पन्नास हजार ग्रंथ भस्मसात झाले. तीन वर्षांनी ते ग्रंथालय पुन्हा उघडले. ही ग्रंथनिष्ठा निःसंशय स्पृहणीय होय. प्रश्न एवढाच की, ग्रंथांइतक्याच आस्थेने कटू स्मृतीही जपली जाणार आहे काय?

हा प्रश्न आज अस्थानी नाही. जर्मनीने भूतकाळाच्या स्मरणाची दिशा पूर्णपणे उलटवावी, अशी मागणी थुरिंजियातील उग्र उजव्या पक्षाच्या नेत्याने २०१७ मध्ये जाहीरपणे केली आणि २०२४ च्या प्रांतिक निवडणुकीत त्याच पक्षाला सर्वाधिक मते मिळाली. दरम्यान २०२२ मध्ये बुखेनवाल्डच्या बळींच्या स्मरणार्थ लावलेली झाडे अज्ञात इसमांनी तोडली. गटेचे घर पाहण्यास कोणाची ना नसते. टेकडीवर जाऊन मान खाली घालण्यास धैर्य लागते.

पूर्वजांच्या गौरवावर हक्क सांगणाऱ्याला त्यांच्या अपराधांचे ओझेही उचलावे लागते. केवळ अभिमानाचा वारसा मागणारा समाज अखेर त्या अभिमानासही अपात्र ठरतो. वायमारची ही शिकवण फक्त जर्मनांसाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही.