आधी हप्ता, मग फंडा

हिंजवडीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये जरा कान टवकारा. एका टेबलावर क्रिकेट, दुसऱ्यावर ऑनसाइट आणि तिसऱ्यावर हमखास एसआयपी. 'काय सांगतोस, अजून सुरू नाही केलीस?' असं विचारणाऱ्याचा चेहरा बघा, जणू समोरच्याने आज अंघोळच केलेली नाही! एसआयपी वाईट नाही हो. पण तुझं एज्युकेशन लोन किती उरलंय, हे त्या टेबलावर कुणीच विचारत नाही.

हिशेब करू या. समजा, एमबीएसाठी दोन वर्षांत पाच-पाच करून दहा लाख घेतले, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतर वर्षभर बहुतेक बँका हप्ता मागत नाहीत. आपल्याला वाटतं, काय मेहेरबानी! पण व्याजाचं मीटर रिक्षासारखं सिग्नललाही चालूच असतं. पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा दहाचे साडेबारा लाख झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण साडेसोळा हजार, आणि त्यातले पहिल्या महिन्याचे १०,४०० नुसतं व्याज.

आता याच हप्त्यात दरमहा पाच हजार जादा टाका. कर्ज १२०ऐवजी ८० महिन्यांत संपतं आणि अडीच लाखांहून जास्त व्याज वाचतं. फ्लोटिंग रेटचं कर्ज असेल तर मुदतीआधी फेडलं म्हणून बँक दंड लावू शकत नाही. हा १० टक्के 'रिटर्न' एकदम पक्का. जाहिरातीच्या शेवटी श्वास न घेता वाचतात ते मार्केट रिस्कचं वाक्य इथे लागत नाही.

'पण टॅक्स वाचतो ना?' वाचतो. व्याजाच्या रकमेवर मर्यादा नाही, आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसून जुनीच प्रणाली घेतली असेल, तर तुमचं १० टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात सातच्या आसपास पडतं. मग फेडायची घाई नाही केली तरी चालेल. नवी प्रणाली घेतलेल्यांना मात्र यातला छदामही मिळत नाही, आणि एचआरला काहीच कळवलं नसेल तर तुम्ही नव्या प्रणालीतच आहात.

आणखी एक गंमत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने महागाईला वेसण घालण्यासाठी रेपो रेट ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि तेही खूश. वाढली ती मुदत! वरच्या उदाहरणात व्याज अडीच टक्क्यांनी वाढलं आणि हप्ता तोच ठेवला, तर दहा वर्षांचं कर्ज साडेबारा वर्षांचं होतं. २०२५मध्ये रेपो उतरला. तुमच्या कर्जाचा दरही उतरला का, हे बँकेला विचारलंत? ऑगस्ट २०२३च्या नियमानुसार दर बदलला की हप्ता बदलायचा की मुदत, हे निवडायचा हक्क तुम्हाला आहे.

शेअर बाजाराचं म्हणाल, तर जानेवारी २०२०मध्ये ४२ हजार ओलांडलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि वर्षअखेर पुन्हा ४७ हजारांवर गेला. थांबले ते तरले. पण त्याच मार्चमध्ये ज्यांचा पगार कापला गेला आणि डोक्यावर कर्जही होतं, ते कसे थांबणार? म्हणून सगळ्यात आधी सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एफडीत टाका. त्यानंतर जादा हप्ता. सवय लागावी म्हणून हजार-दोन हजारांची एसआयपी चालू ठेवायला माझी ना नाही, पण कर्ज असेपर्यंत तिला चटणी-कोशिंबिरीचीच जागा.

कारण त्या कर्जाच्या फॉर्मवर दुसरी सही बाबांची आहे. हप्ता चुकला की त्यांचाही सिबिल स्कोअर घसरतो. साडेसात लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागतं, म्हणजे बऱ्याच घरांत पोराच्या एमबीएखाली नाशिकचा टू-बीएचके नाहीतर आईची एफडी दबलेली असते. रिटायरमेंट तोंडावर आलेल्या माणसाला ते कागद परत कधी मिळणार, याचं टेन्शन असतं. फक्त तो तुम्हाला फोनवर 'जेवलास का?' एवढंच विचारतो.

महागाई इथे चक्क तुमच्या बाजूने आहे. भाडं वाढतं, डबा वाढतो, पेट्रोल वाढतं, पण दर तोच राहिला तर हप्ता तोच राहतो आणि पगार दरवर्षी थोडा तरी सरकतो. तेव्हा यंदा इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं, की नव्या फोनचे रिव्ह्यू वाचण्याआधी बँकेला एक मेल टाका : 'पुढच्या महिन्यापासून हप्ता वाढवा, मुदत कमी करा.' आणि बाबांना सीसीत ठेवा.