आधी पुरावा द्या, मग पुडी विका!

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाला कारले कुणी शिकवायला नको. मीठ लावून पिळायचे, शेंगदाण्याचे कूट घालून, गुळाचा खडा टाकून परतायचे, ही भाजी घरोघर होते. त्या भाजीशी आमचे भांडण नाही. तेच कारले वाळवून, दळून, डबीत भरून ‘शुगर मुळापासून घालवा, गोळ्या कायमच्या बंद करा’ अशी हमी देणाऱ्यांशी आमचे भांडण आहे!

देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. एवढे गिऱ्हाईक दिसल्यावर व्यापारी गप्प कसा बसेल? आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुडीच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. ते छापले जाते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि रोग बरा होण्याची ग्वाही दिली जाते खणखणीत मराठीत. ही उघड उघड फसवणूक आहे.

कारल्यात साखर उतरवणारी द्रव्ये आहेत, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण माणसांवरच्या चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात चार चाचण्या, ४७९ रुग्ण, आणि भरवशाचा पुरावा नाही! यावर ‘तुम्ही झाडपाल्याचे वैरी’ अशी ओरड होईल. साफ खोटे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचे मूळही गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासातच आहे. फरक इतकाच, की ते द्रव्य शोधले, मात्रा ठरवली, माणसांवर पारखले आणि मगच रुग्णाच्या हाती दिले. कारल्याच्या पुडीला ही परीक्षा माफ का?

या माफीची किंमत कोण मोजतो? हळदीच्या रानात अनवाणी राबणारा माणूस. गोळी सोडली, साखर चढत गेली, पायाच्या नसा बधिर झाल्या. काटा रुतला तरी कळ येत नाही; जखम चिघळून वास सुटतो तेव्हा घरच्यांना कळते आणि पाय कापायची पाळी येते. गोळीबरोबर पूड घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरू शकते. दरदरून घाम फुटतो, शुद्ध हरपते. इन्शुलिनवर जगणाऱ्या लेकराचे इन्शुलिन तोडायला सांगणे तर त्याला मारणेच आहे.

मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा ठरवली आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मग अन्न व औषध प्रशासन कशाची वाट पाहते? आणि सरकारनेही कान उघडे ठेवून ऐकावे: आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या, तपासणीला खेटे घालावे लागले, की रुग्ण पुडीवाल्याच्या दारी जातो. साखरेची तपासणी आणि गोळ्या खंड न पडता गावातच मिळाल्या पाहिजेत.

पुसेगावकरांनो, कारले खुशाल खा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी मात्र सोडू नका. आणि ती सोडा म्हणणाऱ्याला भर ग्रामसभेत उभे करून पुरावा मागा!